परत येण्याची तारीख

चार ओळींचा मजकूर होता आणि त्यातला पहिला शब्द 'बाबा' असा होता. तेवढ्यावरच ग्रंथपाल फसले.

एरवी मुलाकडून येणाऱ्या पत्राची सुरुवात 'प्रिय सगळेजण' अशी असे. मुलगा, सून आणि दोन नातवंडं चार वर्षांपूर्वी बाहेर पडली होती आणि तेव्हापासून जगभर हिंडत होती. महिन्यातून एकदा त्यांचं वार्तापत्र निघे. त्याचं नाव 'चौघांची वाट'. त्यात नात उंटावर बसलेली असे, नातू होडीच्या टोकाशी उभा असे आणि मुलांना चार भिंतींच्या शाळेची गरज का नाही यावर सुनेचा मोठा लेख असे. हे पत्र चार हजार दोनशे लोकांना जातं, असं त्यातच शेवटी अभिमानानं छापलेलं असे. ग्रंथपाल आणि त्यांची बायको हे त्यांतले दोन.

ग्रंथपाल हे त्यांचं नाव नव्हे. अडतीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढल्यामुळे इमारतीतले लोक त्यांना तसं म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि आता त्यांच्या ताब्यात दोन कपाटं नि एक शिडी एवढंच उरलं होतं. पण दुसरं काही म्हणून हाक मारावी असं त्यांच्यात काही आहे, असं ना लोकांना वाटे ना त्यांना.

त्या वार्तापत्रावरून मागच्या वर्षी एक प्रकार झाला होता. ग्रंथपालांना काहीही हाती आलं की अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. पुस्तक असलं तर छापखान्याच्या पत्त्यासकट. पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'हे पत्र नको असल्यास इथे दाबा' असं लिहिलेलं असे. तेही ते दर महिन्याला वाचत. एकदा फोनच्या पडद्यावर नेमका तिथेच चहाचा थेंब पडला. त्यांनी तो बाहीनं पुसला आणि मुलाचं कुटुंब त्यांच्या आयुष्यातून नाहीसं झालं.

तीन महिने पत्र आलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं, दमली असतील पोरं. दुसऱ्या महिन्यात काळजी वाटली. तिसऱ्या महिन्यात राग आला आणि तो कुणावर काढायचा हे न कळल्यानं ते बायकोशी अबोला धरून बसले. बायकोच्या फोनवर पत्रं येतच होती. हे वाचतात आणि गप्प बसतात तर आपण तरी कशाला बोला, म्हणून तीही गप्प. शेवटी तळमजल्यावरचे विमावाले जिन्यात भेटले आणि म्हणाले, "नातवाचा पहिला दात पडला म्हणे. किती गोड दिसतो हो." आपल्या नातवाच्या तोंडातला दात पडल्याची बातमी आपल्याला जिन्यात मिळावी, हे ग्रंथपालांना फार लागलं.

त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं. मिनिटाभरात उत्तर आलं: 'आमच्या कुटुंबात तुमचं मनापासून स्वागत! आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं?' खाली तीन पर्याय होते. मित्राकडून, जाहिरातीतून, इतर. ग्रंथपालांनी बराच विचार करून 'इतर' निवडलं. तेव्हा आणखी एक चौकट उघडली: 'कृपया तपशील द्या.' ती त्यांनी मोकळी सोडली.

अशा माणसाला 'बाबा' म्हणून पत्र आल्यावर दुसरं काय होणार? पुढच्या तीन ओळींत काम होतं. मुलांचे पासपोर्ट नवे करायचे होते आणि त्यासाठी चौघांचा घरच्या पत्त्याचा रहिवासी दाखला हवा होता. नोंदणी कचेरीतून काढाल का, पाच मिनिटांचं काम आहे, असं मुलानं लिहिलं होतं. ग्रंथपालांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाले.

पाच मिनिटांच्या कामासाठी पावणेदोन तास रांगेत उभं राहिल्यावर तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना एक फॉर्म दिला. बाईंचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलाच्या खणात शोधत होत्या. ग्रंथपालांना सांगायचं होतं, पण स्वतःहून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते बाजूच्या बाकावर बसून फॉर्म वाचू लागले आणि वाचता वाचता खूश झाले. सातवा रकाना होता, 'सदर व्यक्ती सध्या घरी राहते काय?' आणि आठवा, 'नसल्यास, परत येण्याची तारीख.' इतका सुज्ञपणे आखलेला कागद त्यांनी सरकारदरबारी पाहिला नव्हता. ग्रंथालयातही हेच होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का. शिक्क्याशिवाय बाहेर गेलेलं पुस्तक हे दिलेलं नसतं, हरवलेलं असतं, असं त्यांनी दोन प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे सांगायचं ठरवलं होतं. एकाला चिठ्ठी लिहून कळवलं होतं. आणि अडतीस वर्षांत त्यांनी रविवारची तारीख म्हणून एकदाही दिली नव्हती. माणूस पुस्तक घेऊन परत यावा आणि दार बंद असावं, यात त्या माणसाचा काय दोष?

घरी येईपर्यंत फॉर्मची बातमी इमारतीत पोचली होती, कारण तो हातात उघडा धरूनच ते जिना चढले होते. विमावाले लगेच वर आले. तीस वर्षं विमा विकल्यामुळे कोरा फॉर्म दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. ते म्हणाले, "सातव्यात चौघांपुढे 'हो' लिहा नि मोकळे व्हा. अहो, फॉर्म भरायचा असतो. कबुलीजबाब द्यायचा नसतो." वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य एक एजंट सांगणार होते, जो माणूस न पाहताही दाखला काढून देई. ग्रंथपालांनी दोघांचे आभार मानले आणि सातव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'नाही. प्रवासात आहेत.' आठवा रकाना कोरा ठेवला, कारण तारीख त्यांना माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म परत सरकवला. तारीख हवी. ग्रंथपालांनी अंदाजाबद्दल काहीतरी विचारलं तर बाई म्हणाल्या की अंदाजाला रकाना नाही. तारीख नसेल तर माणसं गेली असं धरायचं आणि घराच्या नोंदीतून नावं कमी करायची, असा नियम होता. त्यांनी तो काही वाईट मनानं सांगितला नाही. ग्रंथालयाचाही तोच नियम होता. लागोपाठ तीन मोजण्यांत पुस्तक जागेवर सापडलं नाही की नोंदवहीत त्यावर लाल रेघ. ग्रंथपालांनी स्वतः अशा शेकडो रेघा मारल्या होत्या, पट्टी लावून.

घरी येताना त्यांना प्रथमच जाणवलं की चार वर्षांत आपण मुलाला हा प्रश्न विचारलेला नाही. सुचला नव्हता असं नाही. विचारला तर उत्तर येईल, ही भीती होती.

आता कचेरीच विचारत होती म्हटल्यावर त्यांना धीर आला. दुपारी त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती आणि मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता. मुलानं आधी धबधबा दाखवला, मग नातवाला दाखवलं, नातू 'हॅलो आजोबा' म्हणून पळाला. नात चित्र काढत होती, तिला उठवायला नको असं सुनेचं म्हणणं पडलं. मग ग्रंथपालांनी आठवा रकाना वाचून दाखवला.

"टाका ना काहीतरी, बाबा," मुलगा म्हणाला.

"काहीतरी म्हणजे कुठली?"

"पुढच्या वर्षातली टाका एखादी."

"म्हणजे पुढच्या वर्षी येताय?"

मुलानं फोन पुन्हा धबधब्याकडे वळवला.

"बाबा, फॉर्मसाठी म्हणतोय मी," मुलगा म्हणाला.

ग्रंथपाल 'हो, हो, फॉर्मसाठीच' असं म्हणाले आणि आपल्यालाही तसंच म्हणायचं होतं, हे पटवण्यासाठी थोडं हसले.

बायको तेव्हा झोपली होती. निदान तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

आता त्यांच्या हातून जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं नसतं. शाईनं एक तारीख लिहायची, एवढंच काम होतं. पण हातानं लिहिलेल्या तारखेवर ग्रंथपालांचा विश्वास नव्हता. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक डबी काढली. तिच्यात ग्रंथालयाचा जुना तारखेचा शिक्का होता. निरोप समारंभाच्या दिवशी तो त्यांच्या खिशात राहिला होता आणि खिशात आहे हे माहीत असूनही त्यांनी परत केला नव्हता. आयुष्यातली ही एकुलती एक चोरी. शिक्क्यातल्या रबरी पट्ट्या फिरवून त्यांनी पाहिलं तर वर्षांची पट्टी याच वर्षावर संपत होती. पुढचं वर्ष तिच्यात नव्हतंच. मुलानं पुढच्या वर्षातली सांगितली होती, पण शिक्क्यापुढे इलाज नव्हता. म्हणून त्यांनी अकरा डिसेंबर ठरवली. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर रविवार निघाला. मग बारा डिसेंबर, सोमवार. त्यांनी तोंडाची वाफ देऊन शिक्का ओला केला आणि आठव्या रकान्यात चार जणांपुढे चार वेळा उमटवला. खोट्या तारखेचा शिक्का इतका स्वच्छ उमटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. शाई वाळायला त्यांनी फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तोंड धुवायला गेले.

परत आले तर बायको फॉर्मपाशी उभी होती. चष्मा लावून तिनं तो खालपर्यंत वाचला आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवंडांच्या खोलीतल्या गाद्या गच्चीत उन्हात पडल्या होत्या.

तिकडे कचेरीत वेगळंच झालं. हातानं लिहिलेली तारीख असती तर बाईंनी ती पाहिलीही नसती. शिक्का पाहून मात्र त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. हा कुठल्या कचेरीचा? शिक्का आहे म्हणजे तारीख प्रमाणित झालेली आहे, आणि प्रमाणित तारखेचं प्रकरण खिडकीवर निकालात काढता येत नाही. ते तपासणीला जातं. आधी घराची पाहणी, मग त्या तारखेला माणसं खरोखर आली का याची पाहणी आणि मग दाखला. ग्रंथपाल सांगू लागले की तो नुसता ग्रंथालयाचा आहे. पण आपला शिक्का नुसता आहे असं भर कचेरीत म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. वाक्य अर्धंच राहिलं आणि प्रकरण वरच्या मजल्यावर गेलं.

मुलाला कळवलं. 'बरं, बघतो,' असं उत्तर आलं. यावेळी वर 'बाबा' नव्हतं, पण घाईत राहिलं असेल.

आठवड्याभरात इमारतीतल्या सगळ्यांना कळलं की ग्रंथपालांची मुलं बारा डिसेंबरला येणार. बायकोनं विमावाल्यांच्या बायकोला सांगितलं होतं आणि मग आणखी कुणाला सांगायची गरज नव्हती. दंतवैद्यांनी दोन्ही मुलांचे दात फुकट तपासायचं कबूल केलं. विमावाल्यांनी फुलांची ऑर्डर दिली. ग्रंथपालांनी बायकोला खरं सांगायचं तीनदा ठरवलं. पहिल्यांदा ती स्टुलावर चढून पंखा पुसत होती. स्टुलावरच्या माणसाला असलं काही सांगू नये. दुसऱ्यांदा ती पडद्यांना शिवण घालत होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिसऱ्यांदा ती नुसती बसली होती आणि तेव्हाच सांगणं सगळ्यांत अवघड वाटलं.

मग तपासनीस आले. किडकिडीत गृहस्थ, काखेत फाइल, बोलणं कमी. त्यांनी खोली पाहिली. दोन छोटे पलंग, उन्हाचा वास असलेल्या गाद्या, कपाटात घड्या घातलेले कपडे. चौकटीवर पेन्सिलीनं उंचीच्या खुणा होत्या. त्या त्यांनी वाकून पाहिल्या आणि सगळ्यांत वरच्या खुणेची तारीख उतरून घेतली. मग पलंगाखालून एक चप्पल ओढून काढली.

"ही नातीची का?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले.

"फॉर्मवर वय दहा आहे. ही चप्पल सहा वर्षांच्या मुलीची."

"ती होती तेव्हा सहाचीच होती," ग्रंथपाल म्हणाले.

तपासनिसांनी तेही लिहून घेतलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते गेल्यावर बायको ती चप्पल हातात घेऊन म्हणाली, आल्यावर पोर घालेल काय? तिनं मुलाला संदेश पाठवून पायाचं माप मागितलं. उत्तर आलं नाही. मात्र त्या महिन्याच्या वार्तापत्रात 'अनवाणी बालपण' असा लेख होता आणि वर वाळूतल्या नातीच्या पावलांचा फोटो. बायकोनं तो फोनवर मोठा केला आणि ग्रंथपालांची पट्टी त्यावर ठेवून पाहिली. आधी पाऊल दोन सेंटिमीटर भरलं, फोटो आणखी मोठा केल्यावर सात. पावलाशेजारी एक शिंपला पडला होता. शिंपला केवढा असतो, हे ग्रंथपालांना विश्वकोशात पाहून सांगायला तिनं सांगितलं. त्यांनी पाहिलं. शिंपले तीळभर ते ताटाएवढे असतात, असं निघालं. शेवटी ती विमावाल्यांच्या नातीला दुकानात घेऊन गेली आणि तिच्या पायाच्या मापानं बूट आणले. एक नंबर मोठे, कारण आपली उंच आहे, असं तिचं म्हणणं. हे ती कशावरून म्हणाली, हे ग्रंथपालांनी विचारलं नाही.

बारा डिसेंबरला सकाळी नऊ वाजता वार्तापत्र आलं. विशेषांक. 'आम्हाला घर मिळालं!'

टेकडीवर घर, खाली समुद्र, तीन वर्षं राहण्याचा परवाना. चार वर्षं हिंडल्यावर आता थोडं थांबावंसं वाटतं, असं सुनेनं लिहिलं होतं, आणि लेख खरोखर चांगला होता. मुलांची सगळी कागदपत्रं तिथल्या तिथे नवी झाली होती, कुणी एक दाखलाही मागितला नव्हता. एका फोटोत नात एका कोऱ्या भिंतीला टेकून हसत होती. खाली ओळ होती: 'मुलांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली.' तळाशी कायमचा पत्ता दिला होता. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नेहमीची ती ओळ होती. ग्रंथपालांनी तीही वाचली. मग दोन शब्दांचा वेगळा संदेश आला: 'दाखला नको.'

स्वयंपाकघरातून बायकोच्या फोनचाही आवाज आला होता. त्यानंतर बराच वेळ भांड्यांचा आवाज बंद होता. मग तो पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती ठेवणीतली साडी नेसून, केस नीट बांधून, आणि तिनं नातवंडांच्या खोलीचं दार उघडून त्याला आतून पाचर लावली, वाऱ्यानं बंद होऊ नये म्हणून.

साडेदहाला विमावाले फुलांचा गुच्छ घेऊन आले. तेही चार हजार दोनशेंतले एक होते. त्यांनी वाचलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण फुलं आधीच सांगून ठेवलेली. "सहज दिसली, घेतली," असं म्हणून ते गुच्छ कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे दाराशी उभे राहिले.

अकराच्या ठोक्याला तपासनीस आले. त्यांनी फाइल उघडली, आठव्या रकान्यातला शिक्का पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"आले का?"

ग्रंथपालांनी खरं सांगायला तोंड उघडलं. नावं कमी करा, एवढे तीनच शब्द होते. लाल रेघ मारायला लागली तर पट्टीही घरात होती.

"उशीर होतोय त्यांना," बायको म्हणाली. "तारीख पुढे नेता येते का?"

"एकदा येते."

"मग न्या."

तपासनिसांनी फॉर्म ग्रंथपालांपुढे सरकवला. ग्रंथपालांनी त्याच्याकडे न पाहता बायकोकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शिक्का ओळखत नाही का मी तुमचा? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग गाद्या, बूट, हे सगळं?"

"चार वर्षांत कुणी तारीख म्हणून दिली नव्हती," बायको म्हणाली. "खोटी का होईना, तुम्ही दिलीत. टाका आता. हात बसलाय तुमचा."

ते कौतुक नव्हतं आणि तसा त्यांचा गैरसमजही झाला नाही. त्यांनी कपाटावरून डबी काढली, शिक्क्याच्या पट्ट्या फिरवल्या. वर्षांची पट्टी संपलेली होती. त्यांनी ती उगाच आणखी एकदा फिरवून पाहिली आणि शिक्का डबीत ठेवून दिला. मग पेन घेतलं. बारा लिहिलं, फेब्रुवारी लिहिलं, वर्ष लिहायच्या आधी थांबले. भिंतीवर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नव्हतं. त्यांनी विमावाल्यांकडे हात केला. गुच्छ काखेत मारून विमावाल्यांनी खिशातून कंपनीची छोटी डायरी काढली, पुढच्या वर्षाचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. तपासनीस घड्याळाकडे पाहू लागले.

ग्रंथपालांनी चष्मा पुसला आणि फेब्रुवारीच्या आकड्यांवरून बोट फिरवत बारावर आले. रविवार होता. त्यांनी बारा खोडलं आणि तेरा लिहिलं.